सकाळी ‘डी’त टाकली तरी गाडी हलत नाही

प्रश्न : माझी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे देणारी) ऑटोमॅटिक गाडी ८२,००० किमी चालली आहे. सकाळी ‘डी’त (पुढे जायच्या गिअरमध्ये) टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही, मग हिसका देऊन निघते. गरम झाल्यावर त्रास नसतो. गॅरेजवाले गिअरबॉक्स उघडायला सांगतात. उघडावा का?

उत्तर : इतक्यात नको. एका सकाळी आधी ‘डी’ टाका, दुसऱ्या सकाळी आधी ‘आर’ (रिव्हर्स). एकाच सकाळी लागोपाठ टाकलेत तर फसाल. पहिल्या खेपेतच ऑइलचा दाब तयार होतो, मग दुसऱ्या खेपेला उशीर दिसत नाही. दोन्हीकडे उशीर होत असेल तर गिअरबॉक्सचे ऑइल कमी असणे, फिल्टर तुंबणे, पंपाचा दाब पडणे किंवा कन्व्हर्टरमधले ऑइल रात्रीतून उतरणे यांपैकी काहीतरी. फक्त ‘डी’ला उशीर असेल तर गाडी पुढे नेणाऱ्या (फॉरवर्ड) क्लचच्या पिस्टनचे रबरी सील कडक झाल्याचा संशय घ्यावा. गरम झाल्यावर ते मऊ पडतात, म्हणून दुपारी गाडी शहाण्यासारखी वागते.

ऑइलची पातळी मात्र नीट तपासून घ्या. अनेक गाड्यांना डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) नसते, पातळी तपासायचा नट असतो. गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, लिव्हर सगळ्या गिअरांतून फिरवून ‘पी’त (पार्किंगमध्ये). ऑइलचे तापमान मॅन्युअलप्रमाणे हवे आणि ते स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) वाचायचे, हात लावून नव्हे. नट काढल्यावर बारीक धार किंवा थेंब आले की पातळी बरोबर. काहीच आले नाही तर ऑइल कमी आहे, आणि हे ऑइल जळून संपत नाही. म्हणजे अ‍ॅक्सल सील, पॅनचे (गिअरबॉक्सखालच्या ऑइलच्या तबकाचे) गॅस्केट किंवा कूलरचे पाइप कुठेतरी गळताहेत.

ऑइलच्या नुसत्या काळपट रंगाला घाबरू नका. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लेप असतोच. धातूचे कण आणि जळका वास असेल, तर उघडण्याची वेळ आली.

स्कॅनरवर ‘पी ०७००’ हा कोड दिसला तर तो गिअरबॉक्समध्ये बिघाड असल्याचा निव्वळ निरोप आहे. खरा कोड गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये (त्याच्या कॉम्प्युटरमध्ये) असतो. तो वाचणारा स्कॅनर वापरायला सांगा.

ऑइल बदलताना कंपनीने सांगितलेलाच ग्रेड घाला. एकदा ड्रेन केल्यावर साधारण निम्मेच निघते, बाकीचे कन्व्हर्टरमध्ये राहते.

प्रश्न : माझी एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच-गिअर यंत्र बदलते अशी) गाडी घाटात थांबली की जळका वास येतो.

उत्तर : चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी धरून ठेवत असाल. एएमटीत साधीच क्लच प्लेट असते, ती घासते. हँडब्रेक लावा. प्लेट बदलावी लागली तर नंतर स्कॅनरने क्लच लर्निंग (नव्या प्लेटची कॉम्प्युटरला ओळख) करून घ्या, नाहीतर गाडी हिसके देईल.