१२० पैकी ७८ म्हणजे पास की नापास?

सप्रेम नमस्कार,

मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यापीठात करिअर अनुकूलनक्षमतेची, म्हणजे शिक्षण-नोकरीतली वळणं आणि बदल निभावण्याच्या तयारीची, प्रश्नावली भरून घेतली, तीत तिला १२० पैकी ७८ गुण पडले. हे कमी आहेत का आणि वाढवायला कुठला क्लास लावावा, असं तुम्ही विचारलं आहे. गुणपत्रक सोबत जोडलंत, हे फार बरं केलंत.

क्लास लावू नका. ही परीक्षा नव्हे. मार्क सॅव्हिकस आणि एरिक पोर्फेली या करिअरविषयक संशोधकांनी १३ देशांतल्या संशोधकांना सोबत घेऊन बनवलेली ही प्रश्नावली २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत २४ विधानं असतात. त्यातली कुठली गोष्ट आपल्याला कितपत जमते, हे विद्यार्थ्याने स्वतःच १ ते ५ आकड्यांत सांगायचं. म्हणजे सगळीकडे १ लिहिलं तरी २४ गुण होतातच, आणि १२० वाला कदाचित नुसताच स्वतःवर खूश असेल! पास-नापासाची रेघ नाही.

बेरीज सोडा, चार रकाने बघा. प्रत्येकात ६ विधानं, ३० गुण. भविष्याचा विचार २५, कुतूहल २२, आत्मविश्वास १९. ठीक आहे. नियंत्रण मात्र १२, म्हणजे विधानामागे सरासरी २. स्वतःचे निर्णय स्वतः घेणं आणि ते निभावणं, हे या रकान्यात येतं. पुढचा विचार भरपूर, पण निर्णय आपल्या हातात नाही, अशा मुलांची नुसती घालमेल होते.

राग मानू नका, पण तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ तीनदा आलंय. विषय, सुट्टीतली इंटर्नशिप, पदवीनंतरची शाखा. कारण हेच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. तिने शेवटच्या तासाला घाईघाईत आकडे टाकले असतील, किंवा ती स्वतःला कमीच लेखत असेल. त्या सहा विधानांवर तिला काय वाटलं, ते तिलाच विचारा. विचारून झाल्यावर मध्ये बोलू नका, हे जास्त अवघड.

पुढच्या सत्राचा ऐच्छिक विषय तिला निवडू द्या. प्राध्यापकांना तीच भेटेल, अर्ज तीच भरेल. निवड चुकली तर बदलून घ्यायची खटपटही तिचीच. सत्र संपल्यावर हीच प्रश्नावली पुन्हा भरू दे आणि आकडे तिच्याच जुन्या आकड्यांशी ताडा, मैत्रिणींच्या नको.

भेटीची वेळ तिनेच फोन करून घ्यावी. तुम्हीही या, पण पहिला अर्धा तास मी तिच्याशी एकटीशी बोलेन.