प्रतिज्ञा मोडली का?

पिल्लू,

आजीने पाठवलेलं बालभारतीचं पुस्तक उघडलंस आणि प्रतिज्ञेपाशीच अडलास. "आई, तू हे रोज म्हणायचीस? 'भारत माझा देश आहे'? मग इथली, अमेरिकेची सिटिझन झालीस तेव्हा प्रतिज्ञा मोडलीस का?" मी "आधी जेव" म्हणून वेळ मारून नेली. आता तू झोपलायस, तर लिहिते.

ती आम्ही उजवा हात समोर ताठ धरून म्हणायचो. हात दुखायला लागला की 'सौख्य सामावले आहे'पर्यंत गाडी सुसाट. अर्थाकडे लक्ष कुणाचं! 'परंपरांचा पाईक' म्हणजे पायी चालणारा, असं मी कितीतरी वर्षं समजत होते. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, तेव्हा फारशी चुकलेही नव्हते म्हणा. मूळ प्रतिज्ञा तेलुगूतली, पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली लिहिलेली.

इथल्या नागरिकत्वाच्या शपथेला हात वर करायचा असतो. सुरुवातच अशी, की आजवर ज्या परक्या राजाशी किंवा राष्ट्राशी माझी निष्ठा होती, ती मी पूर्णपणे सोडते. 'परक्या'पाशी माझे नुसते ओठ हलले. मग वाटलं, ही तर लबाडी झाली. पुढचं सगळं मोठ्याने म्हटलं.

भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे, आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. माझा पासपोर्ट रद्दचा शिक्का बसून परत आला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या नावात 'सिटिझन' आहे खरं, पण त्यावर तिथे मत देता येत नाही. तेव्हा कागदोपत्री विचारशील तर हो, मोडली.

पण ते वाक्य पुन्हा वाच: 'माझा देश आणि माझे देशबांधव यांच्याशी निष्ठा राखण्याची मी प्रतिज्ञा करीत आहे.' देशाने नियमाप्रमाणे माझं नाव कमी केलं. बांधवांच्या खात्यातून नाव कमी करायचा अर्ज कुठे मिळतो, मला अजून सापडलेला नाही. आणि आता इथलेही बांधव झालेत. कोर्टात ज्युरी म्हणून बसायचं पत्र आलं तेव्हा मी कुरकुरले, पण गेले. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणतात. मी दोन घरचं खाल्लंय.

बातम्या बघताना मी दोन्ही सरकारांना बोल लावते, त्यावरूनही तू मला टोकलंस. आपल्याकडे फितूर म्हणतात तो रात्री गडाच्या दरवाजाची कडी आतून काढणारा. दरवाजा कुजलाय असं ओरडून सांगणारा फितूर नव्हे. त्याचा त्रास होतो, ते वेगळं.

आणि तुझ्या वर्गातली ती मुलगी प्लेजला, म्हणजे इथल्या झेंड्याच्या प्रतिज्ञेला, उभी राहत नाही, म्हणून तिला चिडवू नकोस. कुणालाही प्लेज म्हणायची सक्ती करता येणार नाही, असं इथल्या सुप्रीम कोर्टाने १९४३ मध्येच सांगितलंय. केरळात तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळे गात नव्हती. शाळेने त्यांना काढून टाकलं. १९८६ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं.

आजीची शाळा चौथीत सुटली, १९६२च्या आधीच. तिने ही प्रतिज्ञा आयुष्यात कधी म्हटलेली नाही. रविवारी तिचा फोन येईल, तेव्हा मी मोडली का ते तिलाच विचार. मला अजून धीर झालेला नाही.

तुझी आई