अँटिबायोटिक घेतलं आणि पोट बिघडलं

दाढेसाठी पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवसापासून जुलाब सुरू झाले. सासूबाई म्हणतात, गोळ्यांची उष्णता झाली. — कोथरूड

उष्णता नव्हे. मोठ्या आतड्यातले जिवाणू न पचलेला चोथा खातात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. दाढेसाठी घेतलेली गोळी त्यांनाही मारते. मग चोथा तसाच पडून राहतो, पाणी ओढून घेतो आणि शौचाला पातळ होते. बहुतेकांचं गोळ्या संपल्यावर आपोआप थांबतं. तोवर ओआरएस घ्या आणि डेंटिस्टना कळवा. कोर्स मनाने बंद करू नका.

आई ७२ वर्षांची आहे. न्यूमोनियासाठी दवाखान्यात होती, घरी येऊन दोन आठवडे झाले. आता दिवसाला दहा-बारा जुलाब, ताप, पोटात कळा. केमिस्टने जुलाब थांबवायची गोळी दिली आहे. — हडपसर

ती गोळी देऊ नका, आणि आईंना आजच डॉक्टरांकडे न्या. क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल नावाचा जंतू एरवी इतर जिवाणूंच्या गर्दीत दबून असतो. अँटिबायोटिकने ती गर्दी विरळ झाली की तो माजतो, विष सोडतो आणि आतड्याला सूज आणतो. जुलाब दाबले तर ते विष आतच साचू शकतं. साठी-पासष्टीनंतर आणि दवाखान्यात राहून आल्यावर हा धोका जास्त असतो. औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही त्रास सुरू होतो, म्हणून घरच्यांना संबंध लागत नाही. दवाखान्याचा डिस्चार्ज कागद सोबत न्या आणि ‘या अँटिबायोटिकनंतर सुरू झालं’ हे स्वतःहून सांगा. साध्या स्टूल तपासणीत हे कळत नाही, जंतूच्या विषाची वेगळी चाचणी असते. यावर व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक तोंडावाटेच द्यावं लागतं, कारण शिरेतून दिलेलं आतड्यापर्यंत पुरेसं पोचत नाही. या जंतूचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत, तेव्हा आईंचं करणाऱ्यांनी हात साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवावेत. संडास ब्लीचने पुसा.

गोळ्यांबरोबर दही चालेल? — सदाशिव पेठ

चालेल. फक्त सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर दही-दूध आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही.

२०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला होऊन हातापायांतला जोर जाणारा आजार) साथ आली. तेव्हापासून पोट जरा बिघडलं की घरात ठेवलेली ‘ओएफ-ओझेड’ ही जुलाबावरची अँटिबायोटिक गोळी घेतो. — सिंहगड रोड

तुमची भीती मला कळते. जुलाब करणारा आणि त्यानंतर क्वचित जीबीएसला निमित्त होणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू तेव्हा रुग्णांच्या नमुन्यांत सापडला होता. पण त्या गोळीने जीबीएस टळतो असं नाही, आणि साधे जुलाब बहुधा पाणी-मीठ भरून काढल्यावर दोन-तीन दिवसांत बरे होतात. त्या पट्टीवरची उभी लाल रेघ बघा, ती चिठ्ठीशिवाय घ्यायची गोळी नव्हे. रक्त पडलं, ताप राहिला किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरांकडे जा. हातापायांत मुंग्या येऊन जोर गेल्यासारखं वाटलं तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. पिण्याचं पाणी उकळून घ्या.