टीव्हीवर चित्र येतं, आवाज मात्र लॅपटॉपमधूनच

प्रश्न : ताई, नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ सगळ्यांना मोठ्या पडद्यावर दाखवायचाय म्हणून एचडीएमआय केबल आणून लॅपटॉप टीव्हीला जोडला. चित्र आलं, पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय आणि चारही कडा कापल्या जातायत, खालची पट्टी तर दिसतच नाही. दुकानदार म्हणतो भारीतली केबल घ्या. घेऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अजिबात नको, काका! चित्र न तुटता येतंय म्हणजे केबल ठीक आहे. जुन्या निळ्या पिनेच्या व्हीजीए केबलमधून फक्त चित्र जायचं, एचडीएमआयमधून आवाजही त्याच वायरीने जातो, फक्त तो कुठे पाठवायचा हे लॅपटॉपला सांगावं लागतं. विंडोज असेल तर खाली उजवीकडे स्पीकरचं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीजवळच्या बटणाने यादी उघडते, त्यात टीव्हीचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव दिसेल ते निवडा. तरी आवाज नाही आला तर व्हिडिओचा प्लेअर बंद करून परत उघडा, काही प्लेअर जुन्याच स्पीकरला धरून बसतात. यादीत टीव्ही नसेलच तर केबल तशीच ठेवून लॅपटॉप रिस्टार्ट करा.

आता कडांचं. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. जुन्या डबा टीव्हीत चित्राच्या कडा नीट यायच्या नाहीत म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलायचा, आणि ती सवय आजच्या सपाट टीव्हीतही बऱ्याचदा शिल्लक असते, गरज काहीच नसताना. म्हणून लॅपटॉपमधलं रिझोल्यूशन बदलत बसू नका, टीव्हीचा रिमोट घ्या. पिक्चर सेटिंगमध्ये चित्राच्या आकाराचा पर्याय शोधा, कुठे त्याला स्क्रीन फिट म्हणतात, कुठे जस्ट स्कॅन, आधी आकार १६:९ केल्याशिवाय काही टीव्हींमध्ये तो दिसत नाही. तिथेही नाही सापडला तर इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयला पीसी असं नाव देऊन बघा, काही टीव्ही तेवढ्यानेच सुधारतात.

भारी केबल लागते ती फोरके, म्हणजे खूप बारीक तपशिलाचं चित्र ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा बदलणारं हवं असेल किंवा वायर खूप लांब न्यायची असेल तेव्हा, आणि तेव्हाही टीव्ही न् लॅपटॉप दोघांना ते जमायला हवं. मुंजीच्या व्हिडिओसाठी माणसाला असा खर्च करायला लावणं मला खरंच पटत नाही.

व्हिडिओ फक्त टीव्हीवर हवा असेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून शेवटचा पर्याय घ्या. झाकण मात्र उघडंच ठेवा, बहुतेक लॅपटॉप ते मिटलं की स्लीपमध्ये जातात.