आशाताई दारात उभी आहे, तिला आत घ्या की

या महिन्यात व्हॉट्सअपवर आलेले प्रश्न बघितले तर निम्मे एकाच गोष्टीचे, घरी येणाऱ्या आशाताईचं आणि नर्सबाईचं नेमकं काम काय. मी लेडी हेल्थ व्हिजिटर, म्हणजे उपकेंद्रांतल्या नर्सबायांवर देखरेख करणारी, म्हणून रिटायर झाले, सहा उपकेंद्रं माझ्याकडं होती, त्यामुळं या विषयावर बोलायला लागले की थांबत नाही, सांभाळून घ्या.

प्रश्न : सिस्टर, आमच्या सुनेला मुलगा झाला, बेळगावात प्रायव्हेटला सिझर केलं, सगळं चांगलं झालं. घरी आल्यापासनं गावातली आशा दोनदा येऊन गेली, बाळाचं वजन करूया म्हणत्या, सही द्या म्हणत्या. आमच्यात सव्वा महिना बाहेरच्याला बाळंतिणीच्या खोलीत सोडत नाहीत. डॉक्टरनी सगळं बघितलंय तर हिचं काय काम? – एक सासूबाई, खानापूर तालुका

उत्तर : काकू, आधी पेढे कुठं आहेत ते सांगा! आता तुमच्या सव्वा महिन्याचं. आशाताईच्या फेऱ्या किती दिवस असतात माहीत आहे काय? ४२ दिवस. म्हणजे आपला सव्वा महिना आणि सरकारचा हिशोब जवळजवळ एकच झाला की, कारण याच दिवसांत आई आणि बाळ दोघंही नाजूक असतात हे आपल्या म्हाताऱ्यांनाही कळत होतं. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, असे तिचे दिवस ठरलेले. सिझरची बाळंतीण तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच असते म्हणून तिच्याकडं घरी आल्यावर सुरू होतात.

डॉक्टरनी बघितलं ते दवाखान्यात. घरी आल्यावर कोण बघणार? ती येते, साबणानं हात धुते (नाही धुतले तर तुम्ही सांगा, तो तुमचा हक्क आहे), झोळीच्या काट्यावर वजन करते, ताप बघते, नाळ ओली आहे का बघते, बाळ छातीला नीट धरतंय का बघते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते बघून घरात लगेच 'दूध पुरत नाही' म्हणून पावडरचा डबा येतो, तिथं ती सांगते की घाबरू नका, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं, पण नाही भरलं तर मग दाखवायला पाहिजे. सुनेचा ताप, अंगावरनं जाणं, टाके हेही तिनं विचारायचं असतं.

कणकुंबीकडच्या एका वाडीतली गोष्ट सांगते, तिथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे, छत्रीचा काही उपयोग नाही. आमची आशाताई गुडघाभर चिखलातनं एका घरी गेली तर घरचे कौतुकानं म्हणाले, बाळ लई शांत आहे, रडतच नाही. तिनं पायाला हात लावला तर गार, छातीला लावलं तर ओढेना. तिनं आईच्या अंगाला उघडं बाळ लावून वरनं पांघरूण घातलं, तसंच जीपमध्ये बसवलं आणि स्वतः बरोबर गेली. ते पोरगं आता दहावीला आहे आणि शांत तर अजिबात नाही. म्हणून लक्षात ठेवा, दूध ओढत नाही, अंग गार किंवा तापलेलं, श्वास भराभर, छाती आत ओढली जाते, झटके, तळहात तळपाय पिवळे, यातलं एक जरी दिसलं तरी आशाताईची वाट बघू नका, १०८ लावा.

आणि सहीचं म्हणाल तर सगळ्या फेऱ्या पूर्ण झाल्याचा कागद असतो, त्यावर तिला या कामाचे २५० रुपये मिळतात. ४२ दिवसांचे. सही द्या, पण फेरी झाल्यावरच द्या, न येता सही मागितली तर देऊ नका. जाता जाता एक, खोलीत शेगडी ठेवून दारं खिडक्या बंद करताय ना, ते तेवढं बंद करा, धूर बाळाच्या छातीत जातो.

प्रश्न : ताई, माझं सासर बेळगाव तालुक्यात आणि माहेर चंदगडकडं. बाळंतपणाला माहेरी आल्ये. आईबाळाचं सरकारी कार्ड कन्नडमध्ये आहे, इथल्या सिस्टरना वाचता येत नाही, बाळाचे डोस चुकतील काय? – सी.

उत्तर : नाही चुकणार गं. आपल्याकडं बरेच जण त्याला 'ताई कार्ड' म्हणतात, मला तर पहिल्यांदा वाटलेलं आशाताईंचं कार्ड म्हणून ताई कार्ड! कन्नडमध्ये तायि म्हणजे आई. अक्षर कुठलंही असू दे, बीसीजी, पोलिओ ही नावं आणि तारखा सिस्टरना कळतात, आणि लस देशात कुठल्याही सरकारी केंद्रात फुकट मिळते. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला, मग नऊ महिने पुरे झाले की. उशीर झाला तर पहिल्यापासनं सुरू करावं लागत नाही, राहिलेलं पुढं द्यायचं. माहेरच्या आशाताईला जाऊन सांग मी आल्ये म्हणून, नाहीतर दोन्ही गावच्या दोघींना वाटतं दुसरी बघत असेल आणि बाळ मधल्यामध्ये राहतं, हद्दीवरच्या गावांत हे मी किती वेळा बघितलंय. कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेव. दंडावर बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येईल, त्याला हळद बिळद काही लावायचं नाही.

प्रश्न : बायको बाळंत होऊन महिना झाला. रोज रडते, बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, माझं काही खरं नाही म्हणते. आई म्हणते नाटक आहे. आशाताईला हे सांगायचं असतं काय? – निपाणी

उत्तर : सांगायचं असतं, आजच सांगा. पहिल्या आठवड्यात रडू येणं बऱ्याच जणींना होतं आणि आपोआप जातं, पण दोन आठवड्यांच्या पुढं गेलं तर तो आजार आहे, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, आणि त्यात नाटक काही नाही हे आईंना तुम्हीच सांगायचं. नर्सबाईला घरी बोलवा, तिला बायकोशी एकटं बोलू द्या, दाराशी सासू उभी असली की कुठली सून खरं बोलणार? १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. स्वतःला किंवा बाळाला काही करीन असं बोलली तर तिला एकटी सोडू नका, तशीच दवाखान्यात घेऊन जा. आणि रात्री एक वेळ तरी बाळ तुम्ही घ्या हो, तिला सलग चार तास झोपू द्या.