कोरोनात मास्क-सॅनिटायझरचे दर सरकारने बांधून दिले, यात चुकीचं काय होतं?

साथीच्या काळात लोकांना लुटणाऱ्यांना चाप लावला तर बिघडलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण दर बांधल्याने माल वाढत नाही, उलट तो दुकानातून गायब होतो. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय.

१३ मार्च २०२० ला मास्क आणि सॅनिटायझर १९५५ च्या आवश्यक वस्तू कायद्याखाली आले, म्हणजे त्यांचे दर आणि साठा यांवर बंधन घालायचा अधिकार सरकारला मिळाला. २१ मार्चला दर ठरले: दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये, सॅनिटायझरची २०० मिलीची बाटली १०० रुपये. माझा होलसेलवाला मात्र तीन पदरी मास्कच १० रुपयांच्या वर लावत होता, तोही बिनबिलाचा. तो विकला असता तर गुन्हा माझ्यावर. मी मास्क ठेवणंच थांबवलं. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं आणि तोच मास्क रस्त्यावर वाटेल त्या भावात घ्यायचं.

चढा भाव कुणालाच आवडत नाही. पण तो पाहूनच शर्ट शिवणारा मास्क शिवायला घेतो, त्याच्या मशिनी तिकडे वळतात. तो रस्ताच बंद केला, तर त्याने कापड महाग घेऊन नुकसान का सोसावं?

सॅनिटायझरचं बघा. टंचाई हटली ती साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांना सॅनिटायझर बनवायचे परवाने झटपट मिळाले म्हणून. अल्कोहोल आपल्याकडे पडूनच होतं, अडसर होता तो कागदांचा. बांधलेला दर तेव्हाही कायम होता, पण बाटल्या भरल्या त्या कारखान्यांनी. सरकारने केलेलं हे खरोखर चांगलं काम, आणि त्याचं कौतुक फार कमी झालं.

कांदा पिकवणाऱ्याला हा आवश्यक वस्तू कायदा कोळून प्यायल्यासारखा माहीत आहे. शरद जोशी आणि शेतकरी संघटना यांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. जून २०२० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून कांद्यावरची बंधनं सैल केली, आणि सप्टेंबरमध्ये भाव चढताच निर्यातबंदी घातली! अशा सरकारच्या शब्दावर भांडवल कोण गुंतवणार?

गरिबाने मग काय करायचं, हा तुमचा मुद्दा खरा आहे. सरकारने बाजारभावाने मास्क विकत घ्यावेत आणि रेशन दुकानांतून, आशा सेविकांकडून फुकट वाटावेत. खर्च तिजोरीतून होईल, दुकानदाराच्या गळ्यात पडणार नाही, आणि बनवणाऱ्यालाही जास्त माल काढावासा वाटेल.