इनोव्हेशन मॅनेजमेंटमध्ये एमबीए केल्याचा बडोद्यातल्या इंजिनिअरला काही उपयोग होतो का?

तुम्ही इलेक्ट्रिकल इंजिनिअर, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात डिझाइनला, आणि विचारताय की इनोव्हेशनवाला एमबीए करावा की बाबा म्हणतात तसा सरळ फायनान्स घ्यावा. मी याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलंय आणि बडोद्यातच विजेची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत नव्या मालाचं काम बघते. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

करा असंच म्हणेन. फक्त कल्पना सुचायला लागतील या आशेनं करू नका. कल्पनांचा तुटवडा कुठल्याच कारखान्यात नसतो. तारेची वेटोळी गुंडाळायच्या कामावर, म्हणजे वाइंडिंगवर, बसणाऱ्या काकांना विचारा, जेवणाच्या सुट्टीत चार सांगतील. या अभ्यासक्रमात शिकवतात ते त्याच्या पुढचं. दहातल्या कुठल्या दोन कल्पनांवर पैसे लावायचे, उरलेल्या आठ कधी आणि कुणाच्या सहीनं बंद करायच्या, आणि त्या दोन बाजारात पोचेपर्यंत वाटेत कोण कोण अडवणार.

उदाहरण तुमच्याच धंद्यातलं घेऊ. सीआरजीओ या नेहमीच्या सिलिकॉन-पोलादी पत्र्याऐवजी अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेल्या, धातूची कोअर (गाभा) वापरली की नो-लोड लॉस, म्हणजे लोड नसतानाही वाया जाणारी वीज, निम्म्याहून खाली येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. ट्रान्सफॉर्मरवर लोड असो नसो, तो चोवीस तास लाइनवर असतो, म्हणजे ही बचत वर्षानुवर्षं चालू राहते. पण पहिली किंमत जास्त. वीज कंपनीनं टेंडर नुसत्या खरेदी किमतीवर काढलं तर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी बोलीचा, कोण येणार ते उघड आहे. तेच टेंडर लॉसचं कॅपिटलायझेशन करून तपासलं, म्हणजे पुढच्या काही वर्षांत वाया जाणाऱ्या विजेचे पैसे आजच किमतीत धरले, तर हिशेब उलटा फिरू शकतो. तुमचं डिझाइन कितीही चोख असलं तरी त्याचं नशीब टेंडरच्या एका कलमात अडकलेलं असतं.

बरं, कारखान्याच्या आत तरी सोपं आहे का? अमॉर्फसची पट्टी मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी पातळ, वर ठिसूळ. सीआरजीओचा पत्रा तिच्या जवळपास दहापट जाड. कापायची, रचायची, बसवायची सगळी पद्धत बदलते. जुनी यंत्रं पडून राहतात आणि कारागिरांना पुन्हा शिकवावं लागतं. मग टेस्टिंग. आपण नशीबवान, की विजेच्या उपकरणांची तपासणी करणारी ईआरडीए ही संस्था १९७४ पासून मकरपुऱ्यातच आहे. शॉर्ट सर्किट टेस्टसाठी ट्रान्सफॉर्मर गावाबाहेर न्यायला नको. पण टेस्ट जवळ आहे म्हणून स्वस्त नाही, आणि नापास झालं तर पुन्हा डिझाइनपासून सुरुवात. वितरण ट्रान्सफॉर्मरला आयएस ११८० या भारतीय मानकाचं प्रमाणपत्र तर हवंच. पहिला नमुना आणि पहिली ऑर्डर यांच्यामधल्या या पट्ट्यात पैसा जातोच जातो, परत काहीच येत नाही, आणि बहुतेक नवे माल इथेच संपतात.

यातून वाट काढायच्या पद्धतीला वर्गात स्टेज-गेट म्हणतात. कामाचे टप्पे पाडायचे, दोन टप्प्यांमध्ये दार ठेवायचं, आणि कुठला पुरावा आणला तर दार उघडेल हे आधीच लिहून ठेवायचं. आधीच, हे महत्त्वाचं. नंतर लिहिलं की ज्याचा आवाज मोठा त्याची कल्पना पुढे जाते. आमच्याकडे हे दार म्हणजे शेठची केबिन. तिथे प्रश्न एकच येतो, ‘एमां आपणने शुं मळशे?’, म्हणजे यात आपल्याला काय मिळणार? त्याचं दोन मिनिटांत, आकड्यांत उत्तर देता येणं, ही या पदवीची मला झालेली सगळ्यात मोठी कमाई.

पेटंटचा पेपर बहुतेक मुलं कंटाळून करतात. तुम्ही करू नका. भारतात प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज दिला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, आणि त्या काळात बाजार चाचपता येतो. ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एकट्या माणसाला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. वकिलाचे वेगळे, आणि ते जास्त. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. क्रम मात्र सांभाळा: आधी अर्ज, मग प्रदर्शन. स्टॉलवर सगळं उघड करून मग अर्ज द्यायला गेलात तर तुमचंच प्रदर्शन तुमच्या अर्जाच्या आड येऊ शकतं.

एक तक्रार करतेच. या अभ्यासक्रमांत डिजिटल कॅमेऱ्यापुढे मागे पडलेल्या कोडॅक या फिल्म कंपनीचं उदाहरण इतक्यांदा येतं की वीट येतो. आपल्या गावाकडे बघा ना. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, ती उभी केली रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांनी. १९०७ मध्ये त्याच गज्जरांच्या नावाबरोबर कोटीभास्कर आणि अमीन ही नावं ॲलेम्बिक या रसायन-औषध कारखान्याच्या स्थापनेत दिसतात. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा. शाळा, कारखाना, बँक, तिन्ही एका गावात, अठरा वर्षांत. आज ज्याला इनोव्हेशन इकोसिस्टिम म्हणून स्लाइडवर दाखवतात ते दांडिया बाजारापासून रिक्षानं फिरून बघता येतं, आणि हे कुणी वर्गात शिकवत नाही.

कॉलेज निवडताना नावावर जाऊ नका. एमबीएच्या जुन्याच विषयांवर ‘इनोव्हेशन’चा शिक्का मारलेले कोर्सही आहेत. दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट कुठून येतो ते विचारा. कंपनी खरा प्रश्न आणि थोडे पैसे घेऊन येत असेल तर ठीक, मुलांनी स्वतःच विषय शोधायचा असेल तर सोडा. गुजरातमध्येच राहायचं तर अहमदाबादजवळ भाटला ईडीआयआय ही उद्योजकता शिकवणारी संस्था आहे, १९८३ पासूनची. तिथे इनोव्हेशन आणि व्हेंचर डेव्हलपमेंटचा पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा, आहे. पीजीडीएम ही विद्यापीठाची पदवी नव्हे. कारखान्यात कुणी विचारत नाही, पण पुढे पीएचडीचा विचार असेल तर एआयूची (भारतीय विद्यापीठांच्या संघाची) समकक्षता, म्हणजे तो पदवीच्या बरोबरीचा धरला जातो ते आधी बघून घ्या. राज्याच्या एमबीए प्रवेशफेरीला सीमॅट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो.

आता बाबांचं. ते चुकीचं बोलत नाहीत. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांना फायनान्सवाला ओळखता येतो, इनोव्हेशनवाल्याला कुठल्या खुर्चीत बसवायचं ते त्यांनाही नीट माहीत नसतं. नोकरी बदलायची म्हणून पदवी हवी असेल तर त्यांचं ऐका. तुम्ही याच उद्योगात राहणार असाल तर मात्र तुमची डिझाइनमधली वर्षं हेच भांडवल आहे, आणि ही पदवी त्यावर चांगली बसते. अशा वेळी इलेक्टिव्हमध्ये प्रोजेक्ट फायनान्स आणि कॉस्टिंग घ्या. दोन्ही शेठच्या केबिनमध्ये लागतात, आणि घरीही शांतता राहते.